सातव्या महिन्याच्या आधीचे ताट

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर जिल्ह्याच्या रेणापूर तालुक्यातली गावे दुपारपर्यंत रिकामी होतात. बायका डोक्यावर दुरड्या घेऊन शेतात पोचतात, कडब्याची कोप उभी राहते, आत पाच पांडवांची पूजा होते आणि मग बांधावरच पंगत बसते. ही येळवस. पुस्तकी मराठीत तिला वेळ अमावस्या म्हणतात. लातूर-धाराशिवच्या बाहेर गेलेला माणूसही या दिवशी गावी यायला धडपडतो. पंगतीतला मुख्य पदार्थ भज्जी. तुरीचे आणि हरभऱ्याचे कोवळे दाणे, वाटाणा, वाल, शेंगदाणे, गाजर, वांगी, मेथी, चाकवत, कांद्याची पात, चिंचेचा कोळ आणि वरून बेसन, असे रानात जे जे तयार असेल ते एका पातेल्यात शिजते. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे, आंबट भात, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यात आंबवलेली ताकातली आंबील.

गर्भार बाईला जे जे लागते, त्यातले जवळपास सगळे या एका ताटात आहे. धान्य आहे, डाळी आहेत, तिळातले कॅल्शियम आहे, पाल्यातले लोह आणि फॉलिक आम्ल आहे, ताक आहे, आंबवण आहे. जी जमीन एका दिवसात एवढे सगळे ताटात आणते, त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या बायका अंगात रक्त नसताना बाळंत होत राहिल्या, ही गोष्ट समजून घ्यायला हवी. रानात काय पिकते याला जेवढा इतिहास आहे, तेवढाच इतिहास ते कोणाच्या ताटात, किती आणि केव्हा पडते यालाही आहे.

जुन्या वैद्यकाने या ताटाचा विचार फार बारकाईने केला होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचा आहार महिन्यागणिक सांगितला आहे. पहिल्या महिन्यात साधे दूध, तिसऱ्यात मध-तूप घातलेले दूध, चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप, आठव्यात दुधातली तूप घातलेली पेज. सुश्रुताने चौथ्या महिन्याला वेगळे महत्त्व दिले. या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते, म्हणून स्त्री दोन हृदयांची होते आणि तिची इच्छा ही गर्भाचीही इच्छा असते. ती डावलली तर मूल कुबडे, पांगळे किंवा मंदबुद्धी निपजते, असे त्याने बजावले. त्यातला परिणाम आजच्या विज्ञानाला मान्य होणारा नाही. पण ज्या घरात सून सगळ्यांच्या मागून जेवते, त्या घराला ‘तुला काय खावेसे वाटते’ हा प्रश्न विचारायला लावण्याची ताकद त्या धाकात होती, आणि डोहाळे पुरवण्याच्या चालीचे हे सर्वांत मोठे श्रेय आहे. सुश्रुत सहाव्या महिन्यासाठी गोखरूने सिद्ध केलेले तूप किंवा पेज सांगतो. गोखरू म्हणजे मराठवाड्याच्या पायवाटांवर चपलेत रुतणारा सराटा. आयुर्वेदात तो लघवी मोकळी करणारा मानला जातो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात अंगावर चढणाऱ्या सुजेकडे त्या काळच्या वैद्यांचे लक्ष होते, एवढे यावरून समजते.

डोहाळ्यांतही एक डोहाळा असा आहे की त्याकडे लाडाने पाहून चालत नाही. तो मातीचा. कालिदासाच्या रघुवंशात तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणा राणी माती खाते आणि राजाला तिच्या मुखाचा तो वास मोहवतो. कवीने त्यात पुढे पृथ्वी भोगणाऱ्या पुत्राची चाहूल पाहिली. मराठवाड्याच्या खेड्यांत गर्भार बायका चुलीची भाजकी माती, खापराचा तुकडा, भिंतीचा पोपडा, राख किंवा कच्चे तांदूळ तोंडात टाकत आल्या आहेत, आणि सासवांनी ते हसण्यावारी नेले आहे. डॉक्टर मात्र ही सवय ऐकली की आधी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात, कारण माती खाण्याची ओढ आणि अंगातले लोह कमी असणे या गोष्टी फार वेळा जोडीने आढळतात. मातीने ते लोह भरून निघत नाही. उलट जंत पोटात जातात आणि उरलेसुरले रक्तही शोषतात.

आयुर्वेदाचे हे जुने ग्रंथ एका मराठी मुलीने सातासमुद्रापार उलगडले होते. आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून एम. डी. पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी स्वतःचे दहा दिवसांचे बाळ गमावले होते. त्या दुःखातून डॉक्टर झालेली ही बाई परदेशात संस्कृत ग्रंथांतले गर्भिणीचे नियम मांडत होती, हे मराठी माणसाने विसरू नये असे आहे.

चरकाच्या पथ्यात मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत दूध, लोणी, तूप आहे. दावणीला दुभती गाय असणाऱ्या घराचे ते ताट. रेणा नदीच्या काठच्या काळ्या रानात कुणब्याचे, महार-मांगांचे, वडार-लमाणांचे ताट वेगळे होते: ज्वारीची भाकर, तुरीचे वरण किंवा पातळ कोरड्यास, लसणाची नाहीतर कारळाची चटणी, करडईचे तेल आणि ऋतूप्रमाणे माळवं. त्या ताटाची खरी श्रीमंती पाल्यात होती. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, कुर्डू, तरोटा आपसूक उगवत. ज्वारीच्या पेरणीत अंबाडीचे दाणे मिसळलेले असत, म्हणून श्रावणात अंबाडीचे गरगटे घरोघर शिजे. थंडीत करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचे शेंडे, पाथरी. कच्चा पाला चिरून शेंगदाण्याच्या कुटात घोळवला की घोळाणा. हरभऱ्याचा पाला वाळवून मडक्यात भरला की तो उन्हाळ्यापर्यंत पुरे. यातले बहुतेक विकत घ्यावे लागत नव्हते. खुरपायला गेलेली बाई ओटीत घालून आणत होती.

मग कमी कुठे पडले?

एक तर वाटणीत. पुरुष आधी, मग मुले, मग सासू आणि शेवटी सून, हा पंगतीचा क्रम गरोदरपणातही मोडत नसे. भाकर उरे, कोरड्यास आटलेले असे. दुसरे, मुद्दाम कमी खाण्याची चाल. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं आन्‌ अडतं’, हे वाक्य आजही आशा कार्यकर्त्यांच्या कानावर पडते. या समजुतीला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण तिच्यामागे पाहिलेले मरण आहे. तेरा-चौदा वर्षांच्या, हाडे पुरती न वाढलेल्या मुली बाळंत होत होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानात 1929 साली शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय किमान 14 केले. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तो कायदा इथे लागू नव्हता. सिझेरियनची सोय कित्येक कोसांत नव्हती. अशा वेळी मूल अडले की दोन्ही जीव जात. लहान बाळ सुखरूप सुटते हा सुइणींचा अनुभव होता आणि त्यातून आईची उपासमार हे शहाणपण ठरले. तिने आईचे बाळंतपण कदाचित थोडे सोपे केले असेल. पण रक्त नसलेल्या बाईला प्रसूतीनंतरचा थोडासा रक्तस्रावही पुरून उरतो, हा हिशेब त्यात धरलेला नव्हता.

तिसरी गोष्ट उष्ण आणि थंड यांची. पपई, तीळ, बाजरी, अंडी, गूळ उष्ण म्हणून बंद. केळी, ताक, पेरू थंड म्हणून बंद. पपईचे भय सर्वांत चिवट. कच्च्या पपईचा चीक टाळावा हे योग्यच आहे, पिकलेल्या फळाला मात्र बंदी घालण्याचे कारण नाही. दोन्ही याद्या पाळल्या की ताटात भाकर, वरण आणि चहा उरतो.

या सगळ्या तुटवड्याला समाजाने शोधलेले उत्तर म्हणजे डोहाळजेवण. पहिली चोरओटी तिसऱ्या महिन्यात, घरातल्या घरात. मग सातव्यात थाटाची ओटी: हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच फळे, खण-नारळ, झाकल्या वाट्यांतून पेढा की बर्फी हे ओळखण्याचा खेळ, आवडीच्या पदार्थांनी भरलेले ताट. रेणापुरात रेणुकादेवीला ओटी भरून लेकीला माहेरी न्यायचे. या सोहळ्यात जिव्हाळा आहे, गाणी आहेत, एरवी कामाच्या रगाड्यात हरवलेल्या बाईकडे गाव एक दिवस नीट पाहते. तो टिकावा. पण आरोग्याच्या नजरेने पाहिले तर तो फार उशिरा येतो. बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचे पुरते लक्षात येण्याआधीच. आईच्या अंगातले लोह सातव्या महिन्यापर्यंत बाळाने ओढून घ्यायला सुरुवात केलेली असते. आणि शेतमजुरी करणाऱ्या बाईला तर तोही एक दिवस मिळेलच असे नव्हते. खुरपणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत कळा सुरू होईपर्यंत ती रानातच असे.

बाळंत झाल्यावर मात्र ताट एकदम भरते. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरे, मेथी, शेपू, बाळंतशोपा, सव्वा महिना तूप. दूध यावे, कंबर भरावी म्हणून. आधीच्या नऊ महिन्यांत यातले निम्मे मिळाले असते तर किती बायकांची कंबर मोडली नसती!

गर्भारपणातला पांडुरोग, म्हणजे रक्ताची कमतरता, केवळ नशिबाचा भाग नाही, तो ताटातून येतो आणि ताटातून जाऊ शकतो, हे जगाला प्रथम पटवणारे काम मुंबईत झाले. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मार्गारेट बाल्फोर मातामृत्यूंची चौकशी करत होत्या. त्यांच्या कामात भाग घ्यायला 1928 मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. त्याच काळात गिरणगावातल्या बाळंतिणींचा प्रश्न कायदेमंडळात गाजत होता; बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये मुंबईचा मातृत्व लाभ कायदा झाला. विल्सबाईंना गरीब गर्भार बायकांमध्ये एक भयंकर पांडुरोग दिसत होता. रक्ताच्या पेशी संख्येने कमी, आकाराने मात्र मोठ्या. जंतूंचा शोध निष्फळ ठरला. मग त्यांनी बायका काय खातात ते विचारायला सुरुवात केली. ज्यांच्या जेवणात फळे, भाजीपाला, दूध जवळजवळ नव्हते, त्यांच्यातच हा आजार जास्त होता. तसाच आहार देऊन त्यांनी उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. अखेर यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या मार्माइटने, आधी माकडे आणि मग बायका बऱ्या झाल्या. हा निष्कर्ष 1931 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या अर्कातला गुणकारी घटक अनेक वर्षे ‘विल्स फॅक्टर’ या नावानेच ओळखला जात होता. 1941 मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढण्यात आला आणि पानावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. 1945 मध्ये तो कृत्रिम रीतीने तयार करण्याच्या यशात आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा वाटा मोठा होता. आज प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीचा एक अर्धा भाग असा मुंबईच्या बायकांच्या दुखण्यातून आणि पालेभाजीतून आला आहे. मराठवाड्याच्या बाईला त्या गोळीची वाट आणखी काही दशके पाहावी लागली. संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. गर्भार स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 मध्ये सुरू झाला. साठ मिलिग्रॅम लोह, अर्धा मिलिग्रॅम फॉलिक आम्ल, शंभर दिवस.

आणि लगेच 1972 चा दुष्काळ पडला. मराठवाड्यातल्या साठीच्या पुढच्या कोणाही बाईला त्याबद्दल विचारावे. खडी फोडायच्या कामावर हजारो बायका गेल्या, त्यांत पोटुश्याही होत्या. रेशनला परदेशी तांबडी ज्वारी आली, तिला लोक मिलो म्हणत. कामावर सुकडी वाटली गेली. सुकडीने अनेक जीव तगले हे मान्यच करायला हवे. पण पाऊस नाही म्हणजे तांदुळजा नाही, घोळ नाही, अंबाडी नाही. गुरे विकली म्हणजे ताक नाही. दुष्काळ प्रथम पालेभाजी नेतो. नुसत्या ज्वारीवर किती दिवस काढता येतात, याचे उत्तर शेजारच्या हैदराबादेत आधीच मिळाले होते. तिथे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये दाखवले होते की जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा कातडीचा आणि मेंदूचा आजार होतो. ज्वारी उत्तम धान्य आहे. तिला डाळ, पाला आणि ताक यांची सोबत लागते, ही जुन्या ताटाची रचना त्या संशोधनाने अप्रत्यक्षपणे बरोबरच ठरवली.

दुष्काळानंतरच्या वर्षांत सरकार गर्भारशीच्या ताटापर्यंत पोचू लागले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली आणि हळूहळू अंगणवाडी प्रत्येक गावाची झाली. त्याच दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, आणि रेणापूरच्या अडलेल्या बाईला बैलगाडी-एसटीच्या अंतरावर रक्ताची बाटली मिळू लागली. 1982 मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. 2002 मध्ये तिथेही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. बाळंतपणात मरणाऱ्या आयांची संख्या घटली यात या दवाखान्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. 2018-20 च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 माता मृत्युमुखी पडल्या. देशाचा आकडा 97 होता.

मरण मागे हटले, पांडुरोग तेवढा हटला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत राज्यातल्या 49.3 टक्के गर्भवतींचे हिमोग्लोबिन 11 च्या खाली होते. 2019-21 च्या पाचव्या फेरीत 45.7 टक्के. पन्नास वर्षे गोळ्या वाटून झाल्यावरचा हा आकडा आहे. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून ती फडताळात राहते. घेतली तरी चहासोबत घेतली जाते, आणि चहा लोह आतड्यात नीट शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच घोटाला गिळली की दोन्ही एकमेकींच्या आड येतात. लोहाची गोळी लिंबू-सरबताबरोबर किंवा आवळ्याबरोबर आणि कॅल्शियमची वेगळ्या वेळी, जेवणानंतर, इतके नीट समजावून सांगणारे कोणी असेल तर फरक पडतो.

ताटाचे म्हणणे पुन्हा एकदा ऐकायला लावले ते पुण्याजवळच्या सहा खेड्यांनी. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून तिथल्या गर्भार शेतकरी बायकांचा पाठपुरावा केला. डॉ. शोभा राव यांनी 797 बायकांच्या आहाराचा जो अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात एक अनपेक्षित गोष्ट निघाली. बाई दिवसाला एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिने खाते याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्यांशी. ज्या बायका सातव्या महिन्याच्या सुमाराला पालेभाजी वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे भरलेली होती. दुसऱ्या एका अभ्यासात याच बायकांच्या कष्टांची नोंद झाली: शेतातले आणि पाणी वाहण्याचे काम जितके जड, तितके बाळ लहान. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात भोवतालच्या खेड्यांत घागरी कोण वाहत होते, हे सांगायला नको.

पुण्याच्या अभ्यासाने दुसरा धोकाही दाखवला. दर तीन बायकांपैकी सुमारे दोघींमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होते. दूध आणि मांसाहार दोन्ही जवळजवळ नसलेल्या जेवणाचा हा परिणाम. फॉलिक आम्ल भरपूर आणि बी-12 अपुरे अशा आयांची मुले सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी निघाली. म्हणजे पालेभाजी हवी, गोळी हवी, आणि त्यांच्या जोडीला दूध, ताक, अंडे, मासे यांतले काहीतरी हवेच.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 ते 2012 या काळात झालेला प्रयोग तर डोहाळजेवणाच्या वेळापत्रकालाच उत्तर देतो. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या गटाने साडेसहा हजारांवर बायकांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला दिवस राहण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दुधाची भुकटी घातलेला ताजा पदार्थ, दुसऱ्याला बटाटा-कांद्याचा तसाच दिसणारा. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाळाच्या वजनात फरक नव्हता. पण ज्यांनी दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी खायला सुरुवात केली होती, त्यांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने वजनदार होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गरोदरपणातला मधुमेह: बटाट्याच्या गटात तो 12.4 टक्के बायकांना झाला, पालेभाजीच्या गटात 7.3 टक्क्यांना. औषधाशिवाय, रोजच्या त्या एका पदार्थाने.

हे निष्कर्ष येत होते त्याच तीस वर्षांत रेणापूरच्या शेतातून पाला नाहीसा होत होता. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, पाण्याकाठी ऊस आला. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हातात चार पैसे दिले, मुलींच्या शिक्षणाला आणि दवाखान्याला दिले. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सोयाबीन घरात शिजत नाही, बाजार समितीत जाते. ज्वारीबरोबर अंबाडी येत होती, तुरीच्या तासाखाली तांदुळजा येत होता. सोयाबीनच्या रानात तणनाशक फवारले जाते आणि त्यात तण म्हणून हीच माळव्याची झाडे मरतात. करडईचे घाणे बंद पडले, तेलाची पिशवी दुकानातून येते. दूध सकाळीच डेअरीला जाते आणि घरात कोरा चहा उरतो. चहाबरोबर गोड बिस्किटाचा पुडा. आंबील आता येळवशीपुरती.

या बदललेल्या ताटाचा संबंध एका जुन्या आजाराशीही आहे. पूर्वी गर्भार बाईला झटके आले की बाहेरची बाधा मानत. आज तो गरोदरपणातल्या रक्तदाबाचा शेवटचा टप्पा म्हणून ओळखला जातो, आणि पायाबरोबर तोंडावर-हातावर सूज, डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठला तर जीव वाचतो. या आजारावर उपाय म्हणून घरोघर मीठ तोडतात. त्याने तो टळत नाही. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी, त्यांना ते वरून दिल्याने धोका कमी होतो असे आढळल्यावर 2014 पासून आपल्याकडे चौथ्या महिन्यापासून रोज एक ग्रॅम कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचे धोरण आले. तीळ, ताक, अंबाडी आणि शेवग्याचा पाला यांतून हेच कॅल्शियम पूर्वी थोडेथोडे मिळत होते.

सर्वांत वाईट अवस्था ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये शासनाच्या समितीने 82,309 ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, त्यांत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दिवाळीनंतर कोयता घेऊन निघालेली पोटुशी बाई एका गावच्या अंगणवाडीत नोंदलेली असते आणि दुसऱ्या कारखान्याच्या फडात राहत असते. तिचा शिधा गावात येतो, ती गावात नसते. किनवटसारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेने गर्भवतीला रोज एक गरम, पूर्ण जेवण देण्याची सोय केली आहे. फडातल्या बाईला तेच मिळण्याचा हक्क का नसावा? गाळपाच्या हंगामात प्रत्येक कारखान्याने आपल्या तळावर गर्भार मजूर बायकांसाठी असे जेवण सुरू करणे ही फार खर्चाची गोष्ट नाही, आणि ती मागण्याची वेळ केव्हाच आलेली आहे.

गावात राहणाऱ्यांना मात्र कोणाची वाट पाहायची गरज नाही. लग्न ठरलेल्या किंवा नुकत्याच नांदायला आलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन आताच तपासून घ्या. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी होते, दिवस राहिल्यावर ती चुकवू नका. सोयाबीनच्या बांधावर एक तास अंबाडीचा आणि परसात एक झाड शेवग्याचे लावा. घरच्या दुधातला एक पेला डेअरीच्या किटलीआधी तिच्यासाठी काढा. आणि तिला पंगतीच्या शेवटी बसवू नका. ओटी सातव्यात भरा, ताट पहिल्या महिन्यापासून भरा.